सातपुड्याचं रान आणि 'इतर झाडं'



आपल्या ग्रुपवर जुन्या वाड्याचा फोटो पडला की खाली एक वाक्य हमखास येतं, "तेव्हाचं सागवान आता कुठे मिळतं?" खरंच आहे. आपल्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. १८०१, १९०८ आणि १९८४ असा तो तीनदा जळला. राजवाड्याचं सोडा, आपल्यापैकी बहुतेकांच्या आजोबांच्या घरी तुळया, दारं, झोपाळ्याचा पाट, सगळं सागवानी असायचं. हे सागवान गेलं कुठे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : जंगल तोडलं, संपलं.

मी कॉमर्सचा माणूस. आयुष्य बँकेत गेलं. झाडापाल्याशी संबंध म्हणजे गच्चीतला कढीपत्ता. पण नोकरीतली १९७८ ते १९८२ ही चार वर्षं पिपरियाला काढली, पचमढीच्या अगदी पायथ्याशी, आणि तेव्हापासून हा विषय माझ्या मागे लागला तो आजतागायत. निवृत्तीनंतर जुनी पुस्तकं, रिपोर्ट मिळेल तसे वाचत गेलो. माझं मत असं झालं आहे की "सागवान संपलं" ही गोष्टीची फक्त अर्धी बाजू आहे. दुसरी बाजू अशी की आज सातपुड्यात पुष्कळ ठिकाणी सागवानाशिवाय दुसरं काही दिसत नाही, आणि हे आपोआप झालेलं नाही. आधी माणसाने जंगलातून साग काढला. मग शंभर वर्षांनी त्याच माणसाने सागासाठी बाकीचं जंगल काढलं. दोन्ही वेळा हिशेब एकाच पद्धतीचा होता, आणि हिशेब हा माझा विषय आहे म्हणून लिहायचं धाडस करतो.

आधी हे जंगल काय होतं ते सांगतो. आपल्याकडचं, म्हणजे महू-चोरलचं रान कोरडं. पचमढी आणि तिच्या दक्षिणेचं बोरी मात्र ओलं. इंदूरच्या जवळजवळ दुप्पट पाऊस तिथे पडतो. नाल्यांमध्ये उन्हाळ्यातही पाणी, कड्यांच्या सावलीत नेचे, अगदी झाडाएवढे उंच वाढणारे नेचेसुद्धा. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या सहली पिढ्यान्‌पिढ्या पचमढीला जातात त्या यासाठीच. अशा ओल्या रानात कोणत्याही एका झाडाचं राज्य नसतं. साग असतो, पण शेजारी ऐन, धावडा, हेद, कळंब, बिबला, तिवस, तेंदू, मोह, बेहडा, आवळा, चारोळी, नाल्याकाठी जांभूळ, अर्जुन, आंबा, खाली बांबू आणि झाडांवर चढलेल्या वेली.

ही नावं परकी वाटत असतील तर आपापल्या स्वयंपाकघरात बघा. बाळंतिणीच्या लाडवातला डिंक धावड्याचा. श्रीखंडावरची चारोळी याच रानातली. मधुमेहवाले रात्री ज्या लाकडी पेल्यात पाणी ठेवून सकाळी पितात तो विजयसार म्हणजे मराठीतला बिबला. आपल्या आजोबांच्या बैलगाडीला लागायचं ते चिवट लाकूड तिवसाचं. आणि माहुलाचा वेल, ज्याच्या रुंद पानांच्या पत्रावळी सातपुड्यात लग्नाच्या पंगतीला अजून चालतात. म्हणजे आपलं घर एकट्या सागवानावर कधीच उभं नव्हतं.

पचमढीचा आणखी एक चमत्कार म्हणजे साल. सालाची मोठी जंगलं पूर्वेला, मंडला, बालाघाट, बस्तरकडे. सागाचं राज्य पश्चिमेला. माळव्याचा जो काळा दगड आपण पाहतो, त्याच्यावर साग खुशीत वाढतो. सालाला तो मानवत नाही, त्याला वालुकाश्माची जमीन लागते. पचमढी वालुकाश्माची, म्हणून मुख्य पट्ट्यापासून कितीतरी दूर सालाचा एक तुटका तुकडा तिथे टिकून आहे. कॅप्टन जेम्स फोर्साइथ १८६२ मध्ये पचमढीवर चढला. आपल्या शेजारच्या निमाडचा सेटलमेंट ऑफिसर आणि डेप्युटी कमिशनर होता तो. त्याने हे नेमकं हेरलं. त्याने असंही नोंदवलं की देनवा खोऱ्यातल्या या सालाबरोबर तांबडा रानकोंबडा आणि बारशिंगा हे पूर्वेकडचे प्राणीही तिथे आहेत, पश्चिमेला मात्र नाहीत. म्हणजे झाड आलं की त्याच्याबरोबर सगळा गोतावळा येतो. त्याचं पुस्तक १८७१ मध्ये लंडनला निघालं, आणि ते हातात यायच्या आधीच गडी वारला.

या डोंगरांशी मराठ्यांचा संबंध जुना. नागपूरचे आप्पासाहेब भोसले १८१८ मध्ये इंग्रजांच्या कैदेतून निसटले ते याच महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला. त्यांच्याबरोबर चितू पेंढारी होता. तो पुढे पळत पळत आपल्या बाजूला कांटाफोडच्या जंगलात आला आणि तिथे त्याला वाघाने खाल्लं. कांटाफोड आज बसने काही तासांवर आहे. 

१८५८ मध्ये तात्या टोपे नर्मदा ओलांडून याच भागातून गेले. त्यांना साथ देणारा हर्राकोटचा कोरकू जहागीरदार भभूतसिंह इंग्रजांनी पुढे पकडून फाशी दिला. त्याचं रान सरकारजमा झालं. कॅप्टन पीअर्सनने १८६२ मध्ये बोरीचं जंगल तोडीला बंद केलं आणि १८६५ मध्ये ते राखीव जाहीर झालं. देशातलं सर्वांत जुनं राखीव जंगल म्हणून बोरीचं नाव घेतात ते यावरून.

इंग्रजाला एवढी घाई का झाली? तर रेल्वे. मुंबईहून निघालेली लाइन इटारसी, सोहागपूर, पिपरिया करत जबलपूरला गेली आणि मार्च १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता जोडलं गेलं. म्हणजे रूळ बोरी-पचमढीच्या अगदी अंगणातून गेले. त्याच सुमारास आपले तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खंडवा-इंदूर लाइनसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षं! माझ्या सगळ्या नोकरीत १०१ वर्षं मुदतीचा प्रस्ताव माझ्या टेबलावर कधी आला नाही. आता गंमत म्हणून हिशेब करा. खंडवा-इंदूर साधारण ८६ मैल. मैलाला दोन हजाराच्या आसपास स्लीपर. लाकडी धरल्या तर एकट्या आपल्या या छोट्या लाइनला पावणेदोन लाख, आणि दहा-पंधरा वर्षांत त्या कुजल्या की परत तेवढ्याच. सगळ्या हिंदुस्थानचा आकडा तुम्हीच काढा.

आणि स्लीपर कुठल्याही लाकडाची चालत नाही. वाळवी आणि पाऊस दोन्ही सोसणारी लाकडं मोजकी. आपल्या बाजूला साग आणि साल. त्यामुळे तोड सगळ्या जंगलाची नव्हती, निवडून होती. सगळ्यांत सरळ, सगळ्यांत जाड साग आणि साल आधी गेले. रेल्वेला लाकूड लागणार अशी नुसती हूल उठली तरी ठेकेदार आणि जमीनदार कसे तुटून पडले, किती ओंडके वाहतुकीअभावी रानातच पडून वणव्यात जळले, हे फोर्साइथनेच लिहून ठेवलं आहे.

निवडून तोडणं आपल्याला नवं नव्हतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी साग, शिसव परवानगीने तोडावा असं आहे, आणि आंबा-फणसाला हात लावू नये असंही आहे, कारण रयतेने ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात. म्हणजे आपल्या राज्यकर्त्यांच्या वहीत लाकडाचा रकाना होता आणि फळाचाही होता. रेल्वेच्या वहीत एकच रकाना राहिला.

आता निवडून तोडल्याने बाकीच्या झाडांचं काय होतं? मला आधी वाटायचं, दोन जाती कमी झाल्या, बाकीच्यांना जागा मिळाली, फायदाच की. तसं होत नाही. ओल्या रानाला झाडांच्या शेंड्यांचं एक छप्पर असतं. त्याखाली सावली, दमट हवा, कुजणारा पाला. मोठं झाड पाडलं की छपराला भगदाड पडतं, पडताना ते आणखी पाच-सहा झाडं मोडतं, आणि ओंडका ओढून नेताना खालची रोपटी चिरडतात. ऊन थेट जमिनीवर येतं. सावलीत वाढणारी रोपं, नेचे, फांद्यांवरच्या आमरी वाळतात. त्या जागी उन्हाची हौस असलेली मंडळी येतात : गवत, मुरडशेंग, धायटी, कुडा, आणि अलीकडच्या काळात घाणेरी, जी अमेरिकेतून बागेच्या शोभेसाठी आणली आणि आता सातपुडाभर पसरली आहे.

गवत आलं की उन्हाळ्यात वणवा आला. इथे खरी निवड होते. काही झाडं बुंध्यातून किंवा मुळातून परत फुटतात. साग, धावडा, तेंदू हे त्यातले पक्के. कापा, जाळा, पुढच्या पावसात धुमारे हजर. ज्यांचं सगळं बियांवर चालतं, त्यांची रोपं दोन-तीन वणव्यांत संपतात. म्हाताऱ्या झाडाला बी येतं, पण वारस वाढत नाही. सालाची पंचाईत तर वेगळीच. त्याचं बी ऐन जूनमध्ये पडतं आणि जेमतेम आठवडाभर जिवंत राहतं. पाऊस वेळेवर आला तर ठीक, नाहीतर ते वर्ष फुकट. आणि रोप उगवलं तरी कित्येक वर्षं वरून वाळत, मुळातून पुन्हा फुटत राहतं. असं झाड नर्सरीत वाढवून रानात लावणं फार अवघड. सागाचं उलट आहे. एक वर्षाचं रोप घ्यायचं, शेंडा छाटायचा, मुळासकट खोडाचा बोटभर तुकडा ठेवायचा, पहिल्या पावसाच्या सुमारास पहारीने भोक पाडून खोचायचा. लागतो.

पुढचं सगळं या एका फरकातून घडलं असं मला वाटतं. राखीव जंगल झाल्यावर तोड आटोक्यात आली, वणवे रोखायचा देशातला पहिला यशस्वी प्रयोग बोरीतच झाला, हे सगळं चांगलं. पण राखायचं कशासाठी, तर लाकडासाठी. त्यामुळे सागाच्या शेजारचं 'हलक्या प्रतीचं' झाड कापायचं, म्हणजे साग मोकळा होईल. वेली दिसतील तिथे छाटायच्या, कारण त्या खोडाला पीळ घालतात. तो पत्रावळीचा माहुल वनखात्याच्या दृष्टीने शत्रू नंबर एक. मोहाला मात्र बहुतेक ठिकाणी अभय मिळालं, कारण मोहासाठी गोंड आणि कोरकू भांडले असते, शिवाय त्यातून अबकारीचं उत्पन्न होतं. सरकारला पैसा दिसला की झाड वाचतं!

ही झाली हळूहळूची गोष्ट. मोठा घाव बसला तो आमच्या डोळ्यांदेखत. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७२ च्या अंतरिम अहवालात सांगितलं की मिश्र जंगलांतून उत्पन्न फार कमी येतं, तेव्हा ती पूर्ण तोडून तिथे जलद आणि किमती झाडांची लागवड करावी, त्यासाठी महामंडळं काढावीत आणि बँकांचा पैसा आणावा. मध्य प्रदेशचं वन विकास निगम १९७५ मध्ये झालं. मी तेव्हा नोकरीत नवा. पुढे अशा लागवडीच्या योजनांचे कागद वाचायला मिळाले. त्यांत तोडायच्या जंगलाचं वर्णन एका ओळीत असायचं : साग इतका घनमीटर, इतर इतका. 'इतर' मध्ये ऐन, धावडा, बिबला, तेंदू, चारोळी, आवळा सगळे. बँकेच्या खतावणीत 'किरकोळ' नावाचं खातं असतं ना, तसं.

व्याजाचा हिशेब तर आणखी क्रूर. दहा टक्के चक्रवाढीने आजचा एक रुपया साठ वर्षांनी ३०४ रुपये होतो. उलटं वाचा : साठ वर्षांनी मिळणारे ३०४ रुपये आज एका रुपयाच्या मोलाचे. शंभर वर्षांनी मिळणारे १३,७८० रुपये, तेही आज एकच रुपया. म्हणजे जे झाड भरायला शंभर वर्षं लागतात, त्याची किंमत बँकेच्या गणिताने आज जवळजवळ शून्य. आणि जे झाड लाकूड न देता दरवर्षी फळ, डिंक, पान देतं, त्याचं उत्पन्न निगमच्या खात्यात येतच नाही, ते टोपलीतून कुणाच्या तरी घरी जातं. त्यामुळे तेही शून्य. गणितात चूक नव्हती, गणितात घेतलेल्या रकमाच अपुऱ्या होत्या. आम्ही कर्ज मागणाऱ्या शेतकऱ्याच्या शेळ्या-कोंबड्यासुद्धा उत्पन्नात धरायचो, मग इथे का नाही, असा प्रश्न मला तेव्हापासून आहे.

इटारसीहून बैतूलकडे जाताना अशी एक लागवड पाहिली होती, बहुधा १९८१ च्या सप्टेंबरात. दोन मीटरवर एक साग, हेक्टरी अडीच हजार, कवायतीला उभे केल्यासारखे. सप्टेंबर म्हणजे हिरवंगार असायला हवं. पण पानांवर कीड पडली होती, हिरवा भाग खाऊन नुसती शिरांची जाळी ठेवणारी. अख्खी टेकडी तपकिरी दिसत होती. ही कीड जुन्या मिश्र रानातही असते, पण तिथे एक साग, मग दोन ऐन, मग धावडा, असं असलं की ती सगळीकडे एका दमात पोचत नाही. खाली जमीन उघडी, पाऊस सागाच्या त्या सुपाएवढ्या पानांवर साठून मोठाल्या थेंबांनी पडतो आणि माती धुऊन नेतो. मला दाखवायला आलेला आमच्या शाखेचा शिपाई कोरकू होता. मी म्हटलं, झाडं चांगली सरळ आली आहेत. तो म्हणाला, "हाँ साब, सीधी तो हैं. पर इसमें खाने का क्या है?" साग गुरंसुद्धा खात नाहीत. त्याच टेकडीवर त्याच्या आईने चारोळी आणि आवळे वेचले होते.

हाच प्रश्न दुसरीकडे बंडाने विचारला गेला. तेव्हा आपल्याच राज्यात असलेल्या बस्तरमध्ये सालाचं जंगल तोडून कागदाच्या लगद्यासाठी परदेशी पाइन लावायची योजना सत्तरच्या दशकात आली. विरोधामुळे ती शेवटी गुंडाळावी लागली. सिंहभूममध्ये १९७८ च्या सुमारास सालाच्या जागी साग लावायला आदिवासींनी विरोध केला आणि सागाची रोपं उपटली. साल म्हणजे झारखंड, सागवान म्हणजे बिहार, अशी तिथे घोषणाच झाली होती. आपण इंदूरकर तेव्हा नवीन दिवाणखान्यासाठी सागवानी सोफ्याचे भाव विचारत होतो. त्यात कुणाला दोष नाही, पण दोन्ही एकाच काळात चाललं होतं.

पुढे दिशा बदलली. १९८० चा वन संवर्धन कायदा आला. १९८८ च्या वननीतीने स्पष्ट लिहिलं की जंगलाचं पहिलं काम पर्यावरण सांभाळणं, उत्पन्न नंतर. १२ डिसेंबर १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर मंजूर कार्य-योजनेशिवाय तोड बंद झाली. बोरी आणि पचमढी आता सातपुडा व्याघ्र प्रकल्पात आहेत, तिथे कुऱ्हाड लागत नाही.

पण कुऱ्हाड थांबली म्हणून जुनं रान परत येतंच असं नाही. जिथे मिश्र जंगलाचे तुकडे शेजारी शिल्लक आहेत, तिथे पक्षी, माकडं, अस्वलं बिया आणून टाकतात, नाल्याच्या कडेने जांभूळ, तेंदू सरकत येतात. जिथे सगळीकडे सागच साग, तिथे बी आणणार कोण आणि कुठून? घाणेरी एकदा दाट झाली की तिच्याखाली दुसरं रोप उभं राहत नाही. ती मुळासकट उपटावी लागते, आणि दरवर्षी. ते काम चालू आहे. फोर्साइथने पाहिलेला बारशिंगा मधल्या काळात इथून नाहीसा झाला होता. २०१५ मध्ये कान्हाहून काही बारशिंगे बोरीत आणून सोडले आणि ते तिथे रुळले. त्यांच्यासाठी गवताची माळरानं राखावी लागतात, म्हणजे तिथेही कुणीतरी बसून ठरवतंय की काय वाढू द्यायचं आणि काय नाही. फक्त आता रकाने थोडे वाढले आहेत.

पचमढीचा सालाचा तुकडा अजून उभा आहे. जाल तेव्हा धूपगढचा सूर्यास्त बघाच, पण जाता-येता गाडी थांबवून ड्रायव्हरला विचारा, साल कोणता आणि साग कोणता. साल म्हणजे चकचकीत, तळहाताएवढं पान. साग ओळखायला विचारावं लागणार नाही.

आणि एक विनंती. होळकर संस्थानच्या जंगल खात्यात आपल्यापैकी काहींचे आजे-पणजे नोकरीला असणार. रेंजर, कारकून, नाकेदार, काहीही. त्यांच्या जुन्या वह्या, तोडीचे परवाने, निलामाच्या याद्या कुणाच्या माळ्यावर असतील तर रद्दीत देऊ नका. त्यात 'इतर' च्या पुढे कंसात झाडांची नावं लिहिलेली सापडली, तर मला ती वाचायची आहेत.